दोन दुष्काळ

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टींची चर्चा होते: त्यांचें संस्कृत पांडित्य आणि त्यांचें धर्मांतर. या दोहोंवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, व ती सर्वच व्यर्थ गेली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या बाईंच्या आयुष्याच्या आरंभीं एक दुष्काळ आहे, आणि उत्तरार्धांत दुसरा. या दोहोंचा परस्परांशीं संबंध काय, इकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न गृहस्थ. पत्नीस संस्कृत शिकविलें म्हणून त्यांस शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला. पुढें संपत्ति ओसरली, तेव्हां हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडूं लागलें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळानें त्यांस गांठलें. दागिने गेले, चांदीचीं भांडीं गेलीं, अखेर तांब्यापितळेचींहि गेलीं. अकरा दिवस त्यांनीं पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचा निश्चय केला. तेव्हां पुत्र श्रीनिवास म्हणाला कीं, जातीचा अभिमान बाजूस ठेवून मी कष्टाचें काम करावयास तयार आहें. पण वेळ टळून गेली होती. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणहि गेली. आईच्या तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून रमाबाईंनीं स्वतः तो भार उचलला. उंची कमी, म्हणून तिरडी डोक्यावर घ्यावी लागली.

येथें क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. घरांत विद्या होती, आणि साधी नव्हे, भागवत मुखोद्गत असलेली. परंतु हाताला एकहि धंदा नव्हता. मोलमजुरी करणें हलकें, भीक मागणें त्याहून हलकें, अशी ती समजूत. रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत हें कांहीं आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. माणसें अन्नावांचून मेलीं खरीं, पण त्या समजुतीनेंहि मेलीं.

मधला इतिहास सर्वश्रुत आहे: १८७८ मध्यें कलकत्त्यास पंडितांनीं केलेला सन्मान, १८८० मध्यें भावाचा मृत्यु व त्याच वर्षीं विवाह, १८८२ मध्यें वैधव्य, मग इंग्लंड आणि अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढें तें पुण्यास नेलें. तेथील एक विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ त प्रो. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षीं धर्मप्रसाराच्या आरोपावरून न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति मंडळी सल्लागार मंडळांतून बाहेर पडली, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

अशा वेळीं, १८९६ अखेर, मध्यप्रांतांतील दुष्काळाच्या वार्ता आल्या. संस्थेची स्थिति पाहतां घरीं बसणें शहाणपणाचें ठरलें असतें. रमाबाई निघाल्या. सरकारी अनाथगृहें व दुष्काळी कामें पाहत हिंडतांना, निराधार पोरींस फसवून नेणारे दलाल तेथें टपलेले त्यांनीं पाहिले. अशा शेंकडों मुली त्यांनीं आणल्या. तेवढ्यांत पुण्यांत प्लेग आला, आणि मुलींस शहरांत ठेवणें अशक्य झालें; म्हणून केडगांवास पूर्वींच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांतून ‘मुक्ति’ निघाली. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचें होतें; येथें मात्र भूक हीच प्रवेशाची अट झाली. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर येथील वस्ती हजाराच्या पुढें गेली.

आणि तेथें शिकविलें काय? अक्षरें तर खरींच. परंतु त्यांबरोबर शेती, गुरांची निगा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. तिरुपतीच्या रानांत जें या मुलीस कोणीं शिकविलें नव्हतें, तें तिनें इतरांच्या मुलींस शिकविलें.

आक्षेप उरतो तो धर्माचा. उपाशी माणसाच्या पुढ्यांत अन्नाबरोबर बायबल ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. भुकेल्याची संमति ही पूर्ण संमति नव्हे. मात्र आक्षेप घेणारांपैकीं त्या दुष्काळी मुलुखांत स्वतः किती उतरले, हेंहि विचारावें लागेल. लाला लजपतराय यांनीं त्याच सुमारास हिंदु अनाथ मुलांसाठीं चळवळ उभारली. तें आक्षेपाचें खरें उत्तर होतें. आपल्या वृत्तपत्री वादांस तेवढें श्रेय देतां येत नाहीं.

मुक्तींत आंधळ्या स्त्रियांचा एक स्वतंत्र विभाग होता. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई त्यांस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकवीत. पलीकडे छापखान्यांत, पूर्वीं अक्षरशत्रु असलेल्या मुली रमाबाईंनीं केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवीत बसत. तें काम पुरें होण्याच्या सुमारास, १९२१ मध्यें, मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं आईहि गेली.