चाकोरी आणि डांबर

नाशिकच्या कुठल्याही मोठ्या सायकल दुकानात शिरणाऱ्याला आज पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘रोड बाईक की एमटीबी?’ असा. रोड बाईक म्हणजे शर्यतीची सायकल. तिचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद, हवेने दगडासारखा टणक, आणि हँडल खाली वळलेलं. एमटीबी म्हणजे डोंगरी सायकल. तिचा टायर दोन इंचांहून रुंद आणि खाचांचा, त्यात हवा मुद्दाम कमी ठेवलेली, पुढे धक्के शोषणारा दुपाखी काटा आणि हँडल सरळ. पहिली डांबरावर वाऱ्यासारखी पळते, पण खडीवर लटपटते. दुसरी खडी गिळते, पण डांबरावर पायांना जड लागते. घेणाऱ्याला वाटतं की हा आपल्या आवडीचा प्रश्न आहे. सायकलीचा इतिहास मात्र सांगतो की ही निवड बरीचशी रस्त्यांनी आधीच करून ठेवलेली असते.

आजच्या रूपातली सायकल जन्मली तेव्हा ही फाळणी नव्हती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडमध्ये सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सायकल तयार झाली, पण तिला साजेसा रस्ता नव्हता. युरोप-अमेरिकेतले गावाबाहेरचे बहुतेक रस्ते तेव्हा चिखलाचे आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांनी कापलेले होते. १८८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली आणि १८९२ पासून त्यासाठी ‘गुड रोड्स’ नावाचं मासिकही चालवलं. ज्या गुळगुळीत रस्त्यांचा हट्ट सायकलस्वारांनी धरला, त्यांवर पुढे मोटारी आल्या आणि सायकलीला कडेला ढकललं गेलं.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वळणाने गेली. रॅले, हर्क्युलस, बीएसए या विलायती सायकली आणि स्वातंत्र्यानंतर अॅटलस, हिरो या देशी सायकली, सगळ्या एकाच घडणीच्या होत्या. २८ इंची चाक, दीड इंची टायर, सळईचे ब्रेक, मागे कॅरिअर आणि गिअर एकच. या काळ्या सायकलीला रस्ता निवडता येत नव्हता. पोस्टमन, दूधवाला, गिरणी कामगार आणि शाळामास्तर तिच्यावरूनच डांबरावर जात, खडीवर जात आणि पाणंदीतूनही जात. शेतरस्त्यावर बैलगाडीची जी चाकोरी पडे, तिच्यात चाक अडकू न देणं हेच तेव्हाचं सायकलीचं कसब होतं.

त्या सायकलीची ताकद किती होती, हे मुंबईच्या पारशी तरुणांनी जगाला दाखवलं. १९२३ मध्ये सहा जण जगाच्या प्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो प्रवास पुरा केला आणि १९२८ मध्ये ते परतले. वाळवंट असो की पक्की सडक, त्यांनी रस्त्यागणिक सायकल बदलली नाही. जशी वाट आली तसे ते वागले.

डोंगरी सायकल जन्मली अमेरिकेत, आणि तीसुद्धा कारखान्यात नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून टेकड्यांवर नेत आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा घडवला. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. रोड सायकलिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येच आलं होतं. म्हणजे दोन बहिणींमध्ये बरोबर १०० वर्षांचं अंतर. ज्या देशात सायकलस्वारांनी रस्ते मागून घेतले, त्याच देशात मोटारींना रस्ता देऊन सायकलस्वारांची पुढची पिढी डोंगरात शिरली.

महाराष्ट्रात ही फाळणी १९९० च्या दशकात पोरांच्या भांडणातून आली. बारीक टायरची, हलकी ‘बीएसए एसएलआर’ भारी की जाड टायरची, सरळ हँडलची ‘हिरो रेंजर’? रेंजरला डोंगर क्वचितच दिसला. ती शाळेत आणि क्लासला गेली. तरीही निवडीची कल्पना तिने रुजवली.

नाशिकमध्ये या निवडीला खरा अर्थ आहे, कारण दोन्ही भूगोल शहराच्या वेशीवर आहेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पूर्वेला निफाड-सिन्नरकडे पठार मोकळं होत जातं. पश्चिमेला अंजनेरी, त्र्यंबकेश्वर आणि सुमारे १,३०० मीटर उंचीचा ब्रह्मगिरी. नैर्ऋत्येला कसारा घाट, पेठच्या वाटेवर सावळ घाट. शहराचं नाव मात्र मोठं केलं ते डांबराने. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने मुदतीत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली आणि ती पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले.

डोंगरी सायकलीलाही या परिसराने माणसं दिली. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बायकिंग स्पर्धांतली विजेती आहे. पण अंजनेरीसारख्या पठारांवर एमटीबी घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथल्या कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्या मातीत ‘सेरोपेजिया अंजनेरिका’सारखी, त्या डोंगराचं नावच धारण करणारी वनस्पती वाढते. खाचांच्या टायरने पावसाळ्यात तिथे पडलेली चाकोरी सहज बुजत नाही. मरिनमध्येही पायी फिरणाऱ्यांशी सायकलस्वारांचा वाद झाला आणि अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. डोंगर मोकळा दिसतो म्हणून तो आपल्यासाठी मोकळा असतोच असं नाही.

आणि डांबर? नाशिक जिल्ह्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता समृद्धी महामार्ग आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, सायकलीलाही. मुंबई-आग्रा महामार्गावर बंदी नाही, पण कडेच्या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्याला मागून येणाऱ्या कंटेनरचा आवाज ऐकत जावं लागतं. अनेक जण पहाटे चारला निघतात ते केवळ थंड हवेसाठी नव्हे.

या साऱ्या चर्चेत एक सायकलस्वार मात्र कुणी मोजत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीसाठी मदत मिळते. नाशिक जिल्ह्यातले पेठ, सुरगाणा हे त्यांतलेच तालुके. तिथली मुलगी बिनगिअरची लेडीज सायकल घेऊन चढ चढते, जिथे जमत नाही तिथे उतरून ढकलते, पुढे उखडलेल्या डांबरावरून जाते आणि शेवटी पाड्याच्या मुरमाड वाटेला लागते. एकाच फेरीत तिला रोड बाईक लागते आणि एमटीबीही. तिला दोन्ही मिळत नाहीत.

म्हणून निवडीचं उत्तर द्यायचं तर असं. शर्यत किंवा ब्रेव्हेसारखा लांब पल्ला करायचा असेल तर रोड बाईक घ्या. कच्च्या वाटांवर, परवानगी असेल तिथेच, फिरायचं असेल तर एमटीबी. आणि नाशिकच्या रोजच्या रस्त्यांवर, म्हणजे अर्ध्या डांबरावर आणि अर्ध्या खड्ड्यांत चालवायची असेल, तर ३५ ते ४० मिलिमीटर टायरची मधली सायकल पुरते. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचा टायर जवळपास तेवढाच होता. बाजाराने १०० वर्षं फिरून जे नवं म्हणून आणलं, ते पाणंदीला आधीच ठाऊक होतं. आता प्रश्न सायकलीचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे. १८९२ मधल्या त्या मासिकाने मागितलं होतं तेच मागणं, म्हणजे सायकलीला सुरक्षित जाता येईल असा रस्ता, पेठच्या घाटात आजही मागण्यासारखं आहे.