आधी तासभर अंधारात बसा

जाड लोकरीचा कोट चढवा आणि चला. साल १९३३, हिवाळा. लेनिनग्राडच्या ट्राममध्ये तुम्ही चेंगरून उभे आहात. ओल्या लोकरीचा, घामाचा आणि माखोरका नावाच्या जहाल तंबाखूचा वास थेट डोक्यात जातोय. शेजारच्या बाईनं रेशनकार्डावरचा काळा पाव तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलाय. कुणीतरी बुटासकट तुमच्या पायावर उभं राहतं. बोलू नका, उतरा.

प्रयोगशाळेत शिरलात की दार बंद, दिवाही बंद. आता करायचं काय? काही नाही. नुसतं बसायचं, तास-दीड तास. शेजारी पावेल चेरेन्कोव्ह आहे, व्होरोनेझकडच्या शेतकरी घरातला पोरगा. मोजमाप डोळ्यांनीच करायचं, म्हणून डोळे अंधारात मुरवावे लागतात, लोणच्यासारखे. (आपल्याकडे दोन मिनिटं लाइट गेली तर सगळे मोबाइल शोधायला लागतात.) पोटातली गुरगुर, स्वतःचा श्वास, सगळं मोठ्यानं ऐकू येतं.

आणि मग दिसतं. प्लॅटिनमच्या भांड्यातल्या द्रवात एक निळसर झाक. रोखून पाहिलं की विरते, नजर जराशी बाजूला नेली की परत हजर.

गुरू वाविलोव्ह यांनी दिलेलं काम साधं होतं: रेडियमच्या गॅमा किरणांनी युरेनियमच्या क्षारांचं द्रावण किती चमकतं, ते मोजायचं. म्हणजे फ्लुओरेसन्स. पण क्षार वगळून नुसतं सल्फ्युरिक ॲसिड ठेवलं तरी उजेड आहेच! द्रव तापवून बघितला. फ्लुओरेसन्स असता तर मंदावला असता. हा ढिम्म. पॅरिसमध्ये रेडियमनं उपचार करणारे डॉक्टर माले यांनीही असा उजेड आधी नोंदवला होता, उलगडा मात्र राहून गेला होता. तो पुढे फ्रांक आणि टाम या भौतिकशास्त्रज्ञांनी केला. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपट होतो. गॅमा किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन तिथे प्रकाशालाही मागे टाकतात, आणि हा निळा उजेड पडतो.

आता परत या, आजच्या रुग्णालयातल्या रेडिएशनच्या खोलीत. एसीचा गारठा, यंत्राची घरघर, टेबलावर रेडिएशन घेणारा माणूस. त्याच्या अंगातही पाणीच पाणी, म्हणून तोच उजेड तिथेही पडतो. निळा भाग रक्त पिऊन टाकतं, कातडीबाहेर येतो तो बराचसा तांबूस. खोलीतल्या दिव्यांपुढे तो साध्या नजरेला दिसत नाही. किरणांच्या ठोक्याबरोबरच उघडमीट करणाऱ्या कॅमेऱ्यानं अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी तो टिपला. डोक्याला रेडिएशन घेणाऱ्या काहींना तर मिटल्या डोळ्यांनी निळा झोत दिसतो. डोळ्याच्या आतच पडलेला तो उजेडही डार्टमथच्याच संशोधकांनी कॅमेऱ्यात धरलाय.

तेव्हा घरातलं कुणी उपचारांहून येऊन म्हणालं, ‘डोळे मिटले होते, तरी निळं दिसलं,’ तर भास झाला म्हणून उडवून लावू नका. किती निळं होतं, ते विचारा.