रायगड किनाऱ्यावरचे नेमबाजीचे खेळ

रायगड किनाऱ्यावर नेमबाजीचा खेळ आधी जत्रेत आला. कार्तिक वद्य एकादशीला अलिबागजवळच्या वरसोलीत विठोबाची जत्रा भरते आणि मार्गशीर्षात चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्तजयंतीची. मिठाईची दुकाने, पाळणे आणि त्यांच्या कडेला फुग्यांची फळी हा या जत्रांचा ठरलेला थाट. फळीवर रांगेने फुगे, समोर टेबलावर छऱ्याची बंदूक, आणि जितके पैसे तितके बार. बंदुकीची माशी जागेवर नाही हे सरावलेला गडी पहिल्याच बारात ओळखतो आणि पुढचे बार तेवढे बाजूला धरून मारतो. खेळ संपतो तो छरे संपले म्हणून. अलिबागच्या समुद्रावर अशा फळ्या एरवीही दिसतात.

1990च्या दशकात बंदूक घरात शिरली. निन्टेन्डोच्या जपानी व्हिडिओ गेम यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या. त्यांच्यासोबत दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि ‘कॅसेट’ मिळे. बंदुकीचा खेळ म्हणजे बदकांची शिकार. मूळ ‘डक हंट’ 1984 साली जपानात निघाला होता. बंदुकीतून काहीच सुटत नसे, उलट तीच प्रकाश टिपत असे. घोडा दाबताच टीव्हीचा पडदा निमिषभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. तो उजेड नळीतल्या संवेदकाला दिसला तर बदक पडे. नेम चुकला की गवतातून कुत्रा डोके काढून हसत असे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच हे गणित जमते. सपाट टीव्ही आले आणि त्या बंदुका निकामी झाल्या. या खेळाला शेवट नव्हताच. बदके वेगाने उडू लागत आणि केव्हातरी खेळणारा हरे.

खेळाडूच्या डोळ्यांनी दिसणारे जग आणि पडद्याच्या तळाशी त्याच्या हातातली बंदूक हा साचा अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरच्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ (1992) आणि ‘डूम’ (1993) या खेळांनी रूढ केला. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत सायबर कॅफे पोचले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा या किनाऱ्याचाही संगणकबाजार. तिथले जोडलेले संगणक आणि नकली सीडी एसटीने किंवा लाँचने इकडे येत. कॅफेची पाटी इंटरनेटची असली, तरी पोरे तासावर पैसे भरून बसत ती गेम खेळायला.

त्या काळातला सर्वांत लाडका खेळ ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या इनरलूप स्टुडिओजने तो 2000च्या अखेरीस काढला. याच कंपनीने आधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा विमानाचा खेळ केला होता. त्याचेच तंत्र इथे वापरल्यामुळे लांबवरचे डोंगर, तळ आणि मनोरे एका नजरेत दिसत. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, 14 मोहिमा, दुर्बीण आणि नकाशा. साथीला कोणी नाही. साध्या संगणकावरही तो चाले, आणि जुन्या यंत्रांवर धंदा करणाऱ्या दुकानदाराला आणखी काय हवे होते!

या खेळात एक खोट होती. मोहिमेच्या मधे खेळ जपून ठेवण्याची सोयच नव्हती. शेवटच्या पहारेकऱ्याने गोळी घातली तरी मोहीम पहिल्यापासून. युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांनी यावर टीका केली, पण त्यांच्याकडे निदान वीज जात नव्हती. महाराष्ट्रात त्याच दशकात भारनियमन सुरू होते. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आले, तरी ग्रामीण भागातला अंधार काही वर्षे टळला नाही. दिवे गेले की जोन्स पुन्हा कुंपणाबाहेर उभा, आणि तासाचे पैसे वाया. त्यामुळे आयजीआय संपवणे ही कौशल्याइतकीच नशिबाची आणि खिशाची गोष्ट होती. अणुबॉम्ब शोधण्याची शेवटची मोहीम पार केलेल्या पोराचा कॅफेत दबदबा असे. खुद्द खेळाचा शेवट मात्र इतका आखूड आहे की एवढ्या खटपटीनंतर तो फिकाच वाटतो. शत्रूही फार हुशार नव्हते. भोंगा वाजला की त्याच दारातून पुन्हा पुन्हा बाहेर पडत. तरीही तळाबाहेर झुडपात पडून दुर्बिणीने पहारा मोजणे, कॅमेरा चुकवणे, एकाच गोळीत काम उरकणे यांतला ताण नंतरच्या चकचकीत खेळांना क्वचितच साधला.

‘काउंटर-स्ट्राइक’ने दुकानाची बैठकच बदलली. चार-पाच संगणक एका तारेत जोडले की इंटरनेटशिवाय आपसात लढता येई. संपवण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढचा डाव तेवढा उरला.

एप्रिल 2011मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले. ओळखपत्र सक्तीचे झाले, आडोशाची उंची साडेचार फुटांपर्यंत मर्यादित झाली आणि ग्राहकांची नोंदवही किमान वर्षभर जपणे बंधनकारक झाले. शाळकरी गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानांना हे जडच गेले. कायद्याहून मोठा घाव मोबाइलने घातला. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले, 2018मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला, आणि शंभर जण एका बेटावर उतरून एक उरेपर्यंत लढू लागले. अर्ध्या तासात डाव आटोपे आणि लगेच नवा सुरू होई. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळून हा खेळही कित्येक गावांत बंद पडला. 2 सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली. 2021मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला.

जत्रेतली फळी टिकून आहे, सायबर कॅफे जवळजवळ गेले. नोंदवह्या वर्षभरच ठेवायच्या असल्याने त्या कधीच रद्दीत गेल्या असणार. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धनकडे अशी दुकाने चालवलेल्यांपाशी जुनी पाटी, दरपत्रक किंवा फोटो उरले असतील, तर त्यांनी ते टाकून देऊ नयेत.