ब्लॉगचं माहेर टपालात

ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला स्वतःचा ब्लॉग लिहायला लावायचा, ही पद्धत कुठून आली याचं ठरलेलं उत्तर चार ओळींत संपतं. १९९७ मध्ये जॉर्न बार्गरने ‘वेबलॉग’ हा शब्द वापरात आणला. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ आलं आणि कुणालाही फुकटात स्वतःचं पान मिळालं. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम सगळ्या जगाला खुला केला. फी भरलेले विद्यार्थी साधारण पंचवीस, फुकट नाव नोंदवलेले दोन हजारांवर. शिकणाऱ्यांनी आपापल्या ब्लॉगवर लिहायचं, डाउन्सच्या संगणक-प्रणालीने ते रोज गोळा करायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. मास्तरांनी सगळ्यांचं तपासणं शक्यच नव्हतं, म्हणून शिकणारेच एकमेकांना वाचू लागले.

ही झाली जन्मनोंद. माझा प्रश्न त्याआधीच्या पिढ्यांचा आहे, आणि त्याचं उत्तर मला कल्याणच्या एका मुलीच्या चरित्रात सापडलं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र १८८८ चं. मी ते वाचायला घेतलं होतं वैद्यकशिक्षणासाठी, पण अडकलो एका छापील पत्रापाशी. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला. बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, आपल्याला तिथे काही काम मिळेल का, असं त्यांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. पुढे हा पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापला, सोबत स्वतःचं उत्तरही जोडलं. मदतीऐवजी त्यात ख्रिस्ती होण्याचा सल्ला होता. म्हणजे पहिला प्रतिसाद आला तो लिहिणाऱ्याच्या गरजेशी संबंध नसलेला. मग १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती मासिकाचा तो जुना अंक आला. त्यांनी पत्र वाचलं आणि ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांना उत्तर धाडलं.

इथून आनंदीबाईंचं खरं लेखन सुरू होतं. पंधरा वर्षांची मुलगी इंग्रजीतून आपल्या चालीरीती, सण, धर्म, प्रकृती यांबद्दल लिहू लागली. पलीकडून प्रश्न आले की आपल्याच घरातली रोजची गोष्ट परक्या माणसाला समजेल अशी मांडायची. कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणू लागली. गोपाळरावांची शिकवणी करडी होती, त्यांचा धाकही होता. पण मला ठामपणे वाटतं की २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात ‘मी अमेरिकेला का जाते’ या विषयावर भर सभेत इंग्रजीतून बोलण्याचं बळ तिला या पत्रांनी दिलं. त्या भाषणात एकामागून एक आक्षेप घ्यायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं अशी रीत आहे. तीन वर्षं प्रश्नकर्त्या वाचकाला लिहीत आलेल्या माणसालाच ती अशी सहज साधते.

माझं म्हणणं असं : शिकण्याचं साधन म्हणून ब्लॉगचा प्राण ‘अनोळखी वाचक आणि त्याचं उत्तर’ यात आहे, आणि ही जोडी स्वस्त टपाल व छापील मासिक यांच्या संगमातून जन्मली. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा पडू लागला. त्याच वर्षी १ मे रोजी आगगाडी कल्याणला पोचली. १८६४ मध्ये कल्याणचं सार्वजनिक वाचनालय निघालं, १८६५ मध्ये आनंदीबाई जन्मल्या, १८६६ मध्ये ठाण्यात ‘अरुणोदय’ सुरू झालं. रेल्वे, टपाल, वाचनालय, वृत्तपत्र : बारा वर्षांत या पट्ट्यातला माणूस दूरच्या वाचकाच्या टप्प्यात आला.

आता प्रतिस्पर्धी. पहिला दावा आयझॅक पिटमनचा. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू होताच त्याने लघुलिपीचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. शिकणाऱ्याने बायबलमधली वचनं लघुलिपीत उतरवून पाठवायची, पिटमनने चुका दुरुस्त करून परत करायची. दूरशिक्षणाचे इतिहास इथूनच सुरू होतात, आणि दूरशिक्षणापुरता हा दावा मला मान्य आहे. मुंबई विद्यापीठाचे १९७१ चे पत्राद्वारे अभ्यासक्रम, १९८९ मध्ये नाशिकला निघालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही सगळी त्याच वंशाची. पण तिथे वाचक एकच, तो पगारी, आणि तो चूक शोधण्यासाठीच वाचतो. ब्लॉग या घरात जन्मू शकत नाही.

दुसरा दावा आपल्याकडचा आणि मला फार प्रिय. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या मंडळींनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिची मराठी शाखा उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तरुणांनी निबंध लिहायचा, सभेत वाचायचा, बरोबरीच्यांनी त्यावर बोलायचं. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात निबंध छापूनही येऊ लागले. विद्यार्थ्याचं लेखन मास्तरांच्या कपाटातून बाहेर काढण्याचा हा मराठीतला पहिला पद्धतशीर प्रयत्न, असं मी मानतो. उणीव एवढीच की चर्चा करणारे त्याच दिवाणखान्यात बसलेले, एकाच संस्थेत शिकलेले. निम्मं पितृत्व मी या सभेला आनंदाने देतो.

तिसरा दावा सर्वांत तगडा. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या बार-स्यूर-लू गावच्या शाळेत सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात छोटा छापखाना आणला. मुलांनी आपल्या मनाचं लिहायचं, स्वतः खिळे जुळवून छापायचं आणि ती पानं टपालाने दूर ब्रिटनीतल्या त्रेगुंकच्या शाळेत धाडायची. तिथल्या मुलांची पानं परत यायची. डोंगरातली मुलं समुद्रकाठच्या मुलांना आपलं गाव समजावून सांगत होती. वर्गाचा ब्लॉग चालवणारा आजचा शिक्षक हुबेहूब हेच करतो. तरीही हा दावा माझ्या बाजूचाच साक्षीदार ठरतो : छापखाना एकटा असता तर ते शाळेचं हस्तलिखित झालं असतं. आपल्या मराठी शाळांतून निघणारं हस्तलिखित सुरेख असतं, पण प्रत एकच, आणि मुखपृष्ठाचं कौतुक होऊन ते कपाटात जातं. फ्रेनेच्या पानांना जीव दिला टपालाने.

माझ्यावरचा मोठा आक्षेप मला दिसतो. सीमन्स आणि डाउन्स यांनी कल्याणकडून काहीच घेतलं नाही. रक्ताची वंशावळ इथे नाहीच, आहे ती समान घराण्याची. पण बॉस्टनचा एक दुवा मला खुणावतो. तिथे १८७३ मध्ये अ‍ॅना टिकनॉर यांनी घरी बसलेल्या स्त्रियांसाठी पत्रांतून शिकवणारी सोसायटी काढली. तपासनीस नेमण्याऐवजी एक वाचनवेडी बाई दुसरीला दर महिन्याला लिहायची. ही सोसायटी १८९७ पर्यंत चालली. डॉलबाई बॉस्टनमध्येच वाढलेल्या, त्यांचे पती चार्ल्स डॉल १८५५ पासून कलकत्त्यात धर्मप्रचारक. डॉलबाईंना ही सोसायटी ठाऊक नसेल हे मला पटत नाही. आनंदीबाईंच्या पत्रांना त्यांनी चरित्रात एवढी जागा दिली, त्यामागे पत्र हे शिक्षणाचं साधन असल्याची त्यांची जाण असावी, असा माझा पक्का अंदाज आहे.

आता ठाणे जिल्ह्याकडे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा राज्यभर गाजली. तंत्रस्नेही शिक्षकांनी कितीतरी ब्लॉग उघडले. मी ते आदराने वाचत आलो आहे, कारण स्वतःचा वेळ आणि पदरचा डेटा घालून ते उभे राहिले. त्यांवर असतात शासननिर्णय, प्रश्नपत्रिका, कवितांच्या चाली. मुलांचं स्वतःचं लेखन क्वचित. पुढे २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा डोंबिवली-कल्याणच्या घराघरांत वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकला जात होता, आणि बाई त्यावर लाल खूण करून तो परत पाठवत होत्या. आणीबाणीत बाईंनी जमेल ते केलं, पण ही पिटमनचीच रीत होती.

ऑनलाइन वर्ग आता हाताशी आहे, तर आनंदीबाईंच्या गावातल्या एखाद्या सातवीने वेंगुर्ल्याच्या किंवा बेळगावच्या सातवीला लिहून पाहावं. दुर्गाडी किल्ला, खाडी, सकाळी फलाटावर उभं राहून पकडायची जलद लोकल, यांतलं काहीही चालेल. वर्गाच्या ब्लॉगवर सोमवारी कल्याणचं पान, गुरुवारी तिकडचे प्रश्न. पहिला महिनाभर शिक्षकांनी शुद्धलेखनाला हात लावू नये, ‘जलद लोकल म्हणजे काय?’ असं तिकडून कुणीतरी विचारेपर्यंत थांबावं.