मांडवी आणि कोट : प्लेगकालीन मुंबईतील परस्परावलंबन

मुंबईच्या नागरी इतिहासाचे बरेचसे लेखन कोट विभागाभोवती फिरते. बँका, व्यापारी पेढ्या, न्यायालये व सरकारी कचेऱ्या तेथे एकवटल्या असल्याने ते स्वाभाविकही आहे. तथापि या मध्यवर्ती भागाचे आरोग्य, मग ते व्यापाराचे असो वा शरीराचे, भोवतालच्या वस्त्यांवर अवलंबून होते. १८९६ च्या प्लेगने ही बाब विशेष स्पष्टपणे पुढे आणली. प्रस्तुत लेखात मांडवी व कोट यांच्या संबंधाच्या आधारे तिचा विचार केला आहे.

कोट आणि बाहेरील वस्ती यांची फारकत जुनी होती. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. त्यानंतर देशी व्यापारी व कारागीर मोठ्या संख्येने मैदानापलीकडे वसू लागले आणि मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी हा परिसर दाटत गेला. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली व मोकळ्या जागेवर भव्य सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. दगडी तट गेला, मैदानाचे अंतर मात्र राहिले.

व्यापार हे अंतर मानत नव्हता. कोटातील पेढीत ज्याचा सौदा होई, तो माल मांडवीच्या वखारींत साठवलेला असे आणि तो वाहणारे हमाल त्याच परिसरातील कोंदट खोल्यांत राहत. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाल्यावर गोदीलगतच्या या वस्तीवरील भार आणखी वाढला. धान्याची कोठारे, उंदीर आणि माणसे एकाच छपराखाली नांदत होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीतील रुग्णांमध्ये गाठीचा प्लेग, तत्कालीन भाषेत ‘ग्रंथिक सन्निपात’, ओळखला. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या घरात होती. तत्कालीन अंदाजानुसार पुढील काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर परकीय बंदरांनी निर्बंध घातले. मैदानालगतच्या नव्या इमारती कितीही हवेशीर असोत, माल आणि माणूस यांच्या अभावी त्यांतील व्यवहार मंदावले.

सरकारचे उत्तर म्हणजे १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दूषित हवा हेच रोगाचे मूळ, अशी त्या वेळची प्रबळ धारणा होती. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवांकडे बोट दाखवले होते. परंतु ते मत सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. साहजिकच समुद्राचा वारा दाट वस्तीत आणण्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम मार्ग आखले गेले. नागपाड्यासारख्या भागांत जुनी घरे पाडून नवी आखणी झाली.

या योजनांमागे निव्वळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्यांची दृष्टी एकांगी होती. पाडलेल्या घरांतील हमाल व मजूर यांना दूर जाणे परवडणारे नव्हते. पहाटे गोदीच्या दारात उभे राहिल्याशिवाय त्यांना रोज मिळत नसे. (दादर-माटुंग्याच्या प्रशस्त योजनेचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाला झाला, हे येथे ध्यानात घ्यावे.) परिणामी विस्थापितांपैकी अनेक जण शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. एका चाळीची गर्दी दुसरीत गेली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही प्लेग दरवर्षी परतत राहिला. ज्यांच्या श्रमावर कोटाचा व्यापार उभा होता, त्यांच्या घरांचा प्रश्न रस्त्यांच्या प्रश्नामागे पडला. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तेव्हा रुंद मार्ग तयार झाले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतील दाटी मात्र कायम होती.