ध्रुवाच्या वाटेवरील बूट

नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, हे आपण शाळेत शिकलो. त्या वेळी त्याच्या पायांत कोणते बूट होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज मी त्या बुटांची हकीकत सांगणार आहे.

हा प्रवास स्कीवरचा होता. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद लाकडी पट्ट्या. सपाट प्रदेशातील या चालीत बुटाचे टोक स्कीला जखडलेले असते आणि टाच दर पावलाला वर उचलली जाते. म्हणून बुटाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. स्की ताब्यात राहावी, यासाठी तळ भक्कम हवा. रक्त खेळते राहावे, यासाठी आत मोकळीक हवी आणि दोनतीन मोजेही मावावयास हवेत. नॉर्वेहून मुद्दाम करवून आणलेले बूट ताठर आणि तोकडे निघाले. फ्रामहाइम येथील झोपडीत, हिवाळ्याच्या दीर्घ रात्रीत, ते उसवून पुन्हा शिवण्यात आले.

तरीही ८ सप्टेंबर १९११ रोजी आमुंडसेनने घाई केली. वसंत ऋतू स्थिरावण्यापूर्वीच आठ जण निघाले. पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला आणि काहींच्या टाचा हिमदंशाने बधिर झाल्या. आठवड्याभरात सर्वांना परतावे लागले. परतताना तुकडी पांगली, दोघे तर मध्यरात्रीनंतर पोहोचले. दुसऱ्या दिवशी नान्सेनचा जुना सोबती यालमार योहान्सेन याने नायकाला सर्वांसमोर खडसावले. त्याचे फळ म्हणून त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळण्यात आले.

ही शिक्षा न्याय्य होती काय, याविषयी मतभेद होऊ शकतील. पण बुटांच्या बाबतीत आमुंडसेनने आपला हट्ट धरला नाही. बूट पुनश्च उसवले गेले, सैल केले गेले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जण निघाले आणि सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास ९९ दिवसांत संपवून पाचही जण सुखरूप परतले.

आयुष्य कचेरीत घालविलेल्या माझ्यासारख्याला यातील एक गोष्ट विशेष जाणवते. बूट कोठे चावतो, हे तो घालणाऱ्यालाच कळते. आमुंडसेनने बुटाची तक्रार ऐकली. ती बोलून दाखविणाऱ्या माणसाला मात्र त्याने क्षमा केली नाही. इतिहासाने या दोन्ही गोष्टींची नोंद ठेविली आहे.