ग्लिया पेशी: मेंदूतला 'गोंद' नेमकं काय करतो?

मेंदू म्हटलं की चेतापेशी आठवतात. माणसाच्या मेंदूत त्या साधारण ८६ अब्ज असतात. पण जवळपास तेवढ्याच ग्लिया पेशीही तिथे असतात. 'ग्लिया दहापट असतात' हा अनेक ठिकाणी दिसणारा आकडा मात्र चुकीचा आहे.

१८५६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी त्यांना 'ग्लिया' हे नाव दिलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ गोंद. चेतापेशींना धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम, असा तेव्हा समज होता.

ग्लियाशिवाय चालतं का?

काही प्राण्यांचं चालतं. हायड्रा आणि जेलीफिश यांच्यात चेतापेशींचं जाळं असतं, पण ग्लिया आढळत नाहीत. तरीही ते भक्ष्य पकडतात. म्हणजे मज्जासंस्था सुरू व्हायला ग्लिया अनिवार्य नव्हत्या.

सी. एलेगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ३०२ चेतापेशी आणि ५६ ग्लिया असतात. ग्लिया काढून टाकल्या तरी त्याच्या चेतापेशी जगतात, पण ज्ञानेंद्रियांचं काम बिघडतं. फळमाशी आणि पाठीचा कणा असलेले प्राणी यांच्यात मात्र ग्लिया नसतील तर चेतापेशीच मरू लागतात. मज्जासंस्था जसजशी गुंतागुंतीची झाली, तसतसं हे अवलंबित्व वाढलं.

वेगाचा प्रश्न

संदेश वेगाने न्यायचा तर तंतू जाड हवा. स्क्विडने हाच मार्ग धरला; त्याचा महाकाय चेतातंतू एक मिलिमीटरपर्यंत जाड असतो. पण असे लाखो तंतू शरीरात मावणार कसे?

जबडा असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांत ग्लियांनी यावर तोड काढली. त्या तंतूभोवती मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण गुंडाळतात. त्यामुळे स्क्विडच्या तंतूपेक्षा कित्येक पट बारीक तंतूही जास्त वेगाने संदेश नेतो. शार्कमध्ये मायलिन आहे. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशात नाही.

माणसाच्या ग्लिया वेगळ्या आहेत?

ॲस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया चेतापेशींमधल्या जोडण्यांची देखभाल करतात. माणसात त्यांचा व्यास उंदराच्या अडीच पटींहून जास्त असतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी मानवी ग्लिया तयार करणाऱ्या पेशी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत सोडल्या. मोठे झाल्यावर ते उंदीर शिकण्याच्या चाचण्यांत इतर उंदरांपेक्षा सरस ठरले. त्यांना माणसाची बुद्धी आली असं नव्हे. चेतापेशी उंदराच्याच होत्या, बदलल्या होत्या त्या ग्लिया.

हे महत्त्वाचं का?

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मायलिनवरच हल्ला करते. संदेश अडखळतात, दृष्टी, तोल आणि चालणं यांवर परिणाम होतो. आजार ओढवतो तो 'गोंद' समजल्या गेलेल्या पेशींच्या कामावर घाला पडल्यामुळे. म्हणूनच मेंदूच्या आजारांवर उपचार शोधताना आता चेतापेशींइतकंच लक्ष ग्लियांकडेही दिलं जातं.